शाम्पूतली गवार

घरात आरपार दिसणाऱ्या शाम्पूची बाटली असेल तर त्यातला एक चमचा शाम्पू काचेच्या पेल्यात काढा. त्यात चमच्याचमच्याने पाणी घाला आणि फेस येणार नाही इतक्या हळू ढवळा. पहिल्या दोन-तीन चमच्यांना काहीच घडत नाही, शाम्पू फक्त पातळ होतो. पण बाटलीवरच्या यादीत एक विशिष्ट घटक असेल, तर पुढे कधीतरी, बऱ्याचदा आठ-दहा चमचे पाणी पडेपर्यंत, पेल्यातला स्वच्छ द्रव गढुळतो. त्यात धुकं उतरल्यासारखं दिसतं.

स्वच्छ शाम्पू आणि स्वच्छ पाणी यांच्यातून आलेलं हे धुकं म्हणजे शाम्पू बिघडल्याची खूण नाही. धुतलेले केस ओले असतानाही कंगव्याला अडत नाहीत, ते याच्यामुळे. ज्या घटकामुळे ते येतं त्याचं नाव यादीच्या शेवटाकडे, बारीक अक्षरांत, एका दमात वाचता येणार नाही असं छापलेलं असतं: ग्वार हायड्रॉक्सिप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड. नाव लांब आहे, पण त्याचा पहिला शब्द आपल्या ओळखीचा आहे. ग्वार म्हणजे गवार. शेंगदाण्याचा कूट घालून जिची भाजी करतो, तीच.

शाम्पू आणि कंडिशनर यांची कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. शाम्पूने केसांवरचं तेल, घाम, धूळ काढून न्यायची आणि कंडिशनरने केसांवर काहीतरी ठेवून जायचं. मग एकाच बाटलीने दोन्ही कामं कशी करायची? शाम्पूने ठेवलेली गोष्ट शाम्पूच धुऊन का नेत नाही? या प्रश्नाचं उत्तर पेल्यातल्या त्या धुक्यात आहे. मात्र तिथे पोचायचं तर आधी केसाचा पृष्ठभाग कसा असतो हे पाहायला हवं.

केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन असते, म्हणजे मिलिमीटरचा विसावा ते दहावा हिस्सा. त्याच्या बाहेरच्या आवरणाला क्यूटिकल म्हणतात. चपट्या, जवळजवळ पारदर्शक पेशींचे खवले एकावर एक चढून ते बनलेलं असतं. कौलारू घराचं छप्पर आठवा. वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर येते, तशीच ही रचना मुळापासून टोकाकडे उतरत जाते. म्हणून मुळाकडून टोकाकडे बोट फिरवलं तर केस गुळगुळीत लागतो आणि उलट फिरवलं तर खरखरीत. केस मुळाशी नवा असतो तेव्हा या कौलांवर एका मेदाम्लाचा अतिशय पातळ थर असतो. शास्त्रज्ञ त्याला १८-एमईए म्हणतात. तो केसाला रासायनिक बंधाने जोडलेला असतो, त्यामुळे साध्या धुण्याने सहज निघत नाही, आणि तोच केसाला उपजत तुकतुकी देतो.

पण केस महिन्याला जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो. ज्या मुलीची वेणी कमरेपर्यंत पोचते तिच्या वेणीचं टोक पाच-सहा वर्षांचं असतं. तितकी वर्षं त्याने ऊन, कंगवा, रबरबँड आणि उशीचं घासणं सोसलेलं असतं. तो मेदाचा थर टोकाकडे विरळ झालेला असतो, कौलांच्या कडा उचललेल्या किंवा तुटलेल्या असतात. ब्लीच केलं किंवा तीव्र अल्कलीचा रंग लावला तर तो थर एका बैठकीतच मोठ्या प्रमाणात निघून जातो. त्यात ओला केस फुगतो, त्याची जाडी पंधराएक टक्क्यांनी वाढते, आणि तो कोरड्या केसापेक्षा कमकुवतही असतो. फुगलेले, कमकुवत आणि उघड्या कडांचे हजारो धागे एकमेकांवर घासले की गुंता होतो. न्हाऊन आल्यावर डोळ्यांत पाणी आणणारी ती गाठ अशी तयार होते.

आता विद्युतभाराकडे येऊ. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनावर आम्ल स्वभावाचे गट असतात आणि ते पाण्यात ऋणभारित होतात. सामू साधारण ३.७ असताना केसाच्या पृष्ठभागावरचे धन आणि ऋण भार समसमान असतात. सामू त्याहून वाढला की ऋणभाराचं पारडं जड होतं. नळाच्या पाण्याचा सामू सातच्या आसपास असतो आणि बहुतेक शाम्पूंचा पाच-सहाच्या. म्हणजे आपण केस धुतो तेव्हा ते नेहमी ऋणभारितच असतात. आणि केसाची जितकी झीज झालेली असते तितका हा ऋणभार जास्त असतो. मेदाचा थर निघाला की खालचे गट उघडे पडतात, ब्लीचमुळे केसातल्या गंधकाच्या बंधांचं रूपांतर तीव्र आम्लगटांत होतं. या सगळ्या विषयात मला सर्वांत सुंदर वाटते ती हीच गोष्ट: पाण्यातून धनभारित पदार्थ आला, तर तो केसाच्या झिजलेल्या भागाकडे आपोआप जास्त ओढला जातो. नव्या मुळापाशी कमी, जुन्या टोकापाशी जास्त. तो कुठे जाणार हे कुणी ठरवून द्यावं लागत नाही.

वेगळ्या बाटलीतल्या कंडिशनरमध्ये हेच तत्त्व असतं. त्यात सेट्रिमोनियम किंवा बेहेनट्रिमोनियम क्लोराइडसारखे छोटे धनभारित रेणू असतात. त्यांचं डोकं धनभारित आणि शेपूट मेदाचं. डोकं केसाला चिकटतं आणि शेपटं बाहेरच्या बाजूला गुळगुळीत गालिचा तयार करतात. मग हेच रेणू शाम्पूत का घालत नाहीत? कारण शाम्पूतला मुख्य मळ काढणारा पदार्थ, बहुतेक वेळा सोडियम लॉरेथ सल्फेट, ऋणभारित असतो. धन आणि ऋण बाटलीतच एकमेकांना मिठी मारतात. त्यांचा साका होतो, फेस मरतो, आणि धुण्याचं कामही होत नाही, मऊ करण्याचंही नाही. धनभार तर हवा, पण तो बाटलीत दबून राहील आणि डोक्यावर गेल्यावरच जागा होईल असा हवा. गवार इथे उपयोगी पडते.

गवारीची कोवळी शेंग आपण भाजीसाठी खुडतो. राजस्थानात ती पक्व होऊन वाळेपर्यंत शेतातच ठेवतात, कारण तिथे तिच्या दाण्याला मोल आहे. जगातल्या ग्वारदाण्याचा फार मोठा वाटा भारतात पिकतो आणि त्यातला बहुतांश राजस्थानात. हरियाणा आणि गुजरात त्यामागून येतात. जोधपूर हे या धंद्याचं मोठं केंद्र आहे. खरिपातलं, कमी पावसावर येणारं, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देणारं हे पीक रेताड जमिनीला मानवतं.

तूर, मूग, हरभरा यांची डाळ म्हणजे बियांची दलं. गवारीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या दाण्यात साल आणि अंकुर यांच्यामध्ये भ्रूणपोषाचा एक पांढरट, काचेसारखा कठीण थर असतो, दाण्याच्या वजनाच्या साधारण ३५ ते ४२ टक्के. गिरणीत दाणा तापवून, घासून साल आणि अंकुर वेगळे केले की या थराच्या दोन अर्ध्या वाट्या उरतात. व्यापारात त्यांना ‘स्प्लिट’ म्हणतात. मागे राहिलेली चुरी आणि कोरमा जनावरांच्या खाद्यात जातात. स्प्लिट भिजवून, चेपून, दळली की ग्वारगम तयार होतो.

हा थर गॅलॅक्टोमॅनन नावाच्या शर्करेच्या लांब साखळ्यांचा असतो. मॅनोज या साखरेचा कणा आणि साधारण प्रत्येक दोन मॅनोजमागे बाजूला लोंबणारा एक गॅलॅक्टोज. एकेका साखळीत हजारो साखरा असतात. बाजूच्या या फांद्यांमुळे साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटत नाहीत, त्यांच्यामध्ये पाणी शिरतं आणि थोड्याशा पुडीने पेलाभर पाणी घट्ट होतं. कोरड्या जमिनीत रुजणाऱ्या अंकुराभोवती ओल धरून ठेवायला झाडाला याचाच उपयोग होतो.

भिजवलेली मेथी वाटून केसांना लावायची रीत आपल्या घरांतून आहेच. मेथीचा तो बुळबुळीतपणाही गॅलॅक्टोमॅननचाच, फक्त तिच्यात प्रत्येक मॅनोजमागे जवळपास एक गॅलॅक्टोज असतो. म्हणजे मेथीने केस मऊ लागतात हा आपल्या आज्यांचा अनुभव खोटा नव्हता. मेथीच्या साखळीत उणीव एकच आहे. तिच्यावर विद्युतभार नाही, त्यामुळे ती केसाला धरून राहत नाही. धुतलं की पाण्याबरोबर निघून जाते. साधा ग्वारगमही तसाच जातो.

कारखान्यात हीच उणीव भरून काढतात. ग्वारची पूड किंवा स्प्लिट पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात ओली करतात आणि त्यात कॉस्टिक सोडा घालतात. अल्कलीमुळे साखरेवरचे हायड्रॉक्सिल गट क्रियाशील होतात. मग ट्रायमिथिल अमोनियमचा धनभारित गट वाहून आणणारा पदार्थ घालतात. तो साखरेच्या त्या गटांवर कायमचा जोडला जातो. शेवटी आम्लाने उदासीन करून, धुऊन, वाळवून दळतात. आता ते लांबलचक नाव उलगडतं: ग्वार ही साखळी, हायड्रॉक्सिप्रोपिल हा तीन कार्बनांचा दुवा, ट्रायमोनियम हा धनभारित गट, आणि क्लोराइड हा त्याचा तोल राखणारा ऋण जोडीदार.

किती गट जोडायचे यात खरं कौशल्य आहे. साधारण पाच ते दहा साखरांमागे एक असं प्रमाण ठेवतात. फार कमी जोडले तर साखळी केसाला धरत नाही. फार जास्त जोडले तर ती इतकी घट्ट बसते की पुढच्या धुण्यालाही निघत नाही, आणि थरावर थर साचून केस जड होतात. शिवाय गट असे विरळ असले की सल्फेटचे रेणू त्यांच्याभोवती गर्दी करू शकतात. बाटलीत साखळी शांत राहते ती याच गर्दीमुळे.

शाम्पू बनवणाऱ्याला आणखी एक अडचण असते, आणि ती पिठलं करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ग्वारची पूड पाण्यात टाकली की बाहेरून फुगते, आत कोरडीच राहते. गुठळ्या होतात आणि त्या नंतर मोडता मोडत नाहीत. यावरचा तोडगा मोठा कल्पक आहे. काही प्रकारच्या पुडीवर आधीच थोडा बोरॅक्स चढवलेला असतो. अल्कली पाण्यात बोरॅक्स शेजारच्या साखळ्यांना एकत्र बांधून धरतो, त्यामुळे पूड फुगत नाही आणि पाण्यात सारखी पसरते. कण सगळीकडे पोचले की थोडं सायट्रिक आम्ल घालायचं. सामू उतरतो, बोरॅक्सची गाठ सुटते आणि सगळे कण एकदम फुगून पाणी एकसंध दाट होतं.

शाम्पूत या घटकाचं प्रमाण सहसा ०.१ ते ०.५ टक्के असतं. शाम्पूच्या सहा मिलिलिटरच्या पाऊचमध्ये ०.२ टक्के धरलं तर ते बारा मिलिग्रॅम होतं, साखरेच्या चिमटीपेक्षा कितीतरी कमी. आणि त्यातलाही बराचसा मोरीतून वाहून जातो. इतक्या थोडक्याने फरक पडतो, कारण तो योग्य क्षणी योग्य जागी उतरतो.

तो क्षण असा येतो. बाटलीत सल्फेटचे रेणू भरपूर असतात. ते गोळ्यागोळ्यांनी राहतात, या गोळ्यांना मायसेल म्हणतात. ग्वारच्या साखळीवरच्या प्रत्येक धनभाराभोवती सल्फेटचं इतकं दाट कडं पडतं की सगळी साखळी मिळून ऋणभारितच वागते. ऋणभारित मायसेल, ऋणभारित कडं, सगळे एकमेकांना दूर ढकलतात आणि साखळी विरघळलेली राहते. म्हणून शाम्पू स्वच्छ दिसतो. डोक्यावर शाम्पू चोळतानाही हीच स्थिती असते, तेव्हा मळ काढण्याचं काम चालू असतं. मग आपण तांब्याने पाणी ओततो. सल्फेट पातळ होतं, मायसेल मोडू लागतात, साखळीभोवतीचं जास्तीचं कडं गळून पडतं. एका टप्प्यावर साखळीवरचा धनभार आणि तिला अजून चिकटलेल्या सल्फेटचा ऋणभार जवळपास सारखे होतात. ढकलाढकली संपते आणि ती दोघं मिळून पाण्यातून वेगळी होतात. पण ती खड्यासारखी घट्ट होत नाहीत. पाणी धरून ठेवणारे मऊ, द्रवरूप थेंब तयार होतात. पेल्यातलं धुकं म्हणजे हेच थेंब. डोक्यावर ते केसांवर बसतात आणि खवल्यांच्या उचललेल्या कडांवर पसरतात.

अशा द्रवरूप विभक्तीला ‘कोॲसर्व्हेशन’ हे नाव १९२९ मध्ये बुंगेनबर्ग डी याँग आणि क्रुइट या डच शास्त्रज्ञांनी दिलं. जिलेटिन आणि डिंक यांच्या मिश्रणात ती त्यांनी तपासली होती; शाम्पूचा विचार त्यात कुठेच नव्हता. पुढे १९७०च्या दशकात ई. डेस्मंड गोडार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या युनियन कार्बाइडमध्ये धनभारित सेल्युलोज आणि ऋणभारित डिटर्जंट यांच्यातलं नातं बारकाईने मांडलं. ते सेल्युलोज आजही ‘पॉलिक्वाटर्नियम-१०’ या नावाने अनेक बाटल्यांवर दिसतं. गवारीचा घटक त्याच वाटेने काम करतो.

हे थेंब रिकाम्या हाताने उतरत नाहीत. शाम्पूत डायमेथिकोन, म्हणजे सिलिकोनचे बारीक थेंब असतील तर ते त्यांना धरून केसांवर नेतात. ओला केस सुळसुळीत लागतो त्यात सिलिकोनचा वाटा मोठा असतो, आणि सिलिकोन तिथे टिकण्यात गवारीचा. कोंड्याच्या काही शाम्पूंत झिंक पायरिथिऑनचे कण असतात. ते पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे धुताना सरळ वाहून गेले असते. टाळूवर त्यांतले थोडे मागे राहतात, तेही बऱ्याच अंशी याच वाहतुकीमुळे.

याच्या मर्यादाही नीट सांगायला हव्यात. टाळूच्या बाहेर आलेला केस जिवंत नसतो. त्याला ‘पोषण’ मिळत नाही आणि दुभंगलेलं टोक कशानेही कायमचं जुळत नाही. गवारीची साखळी केस दुरुस्त करत नाही, ती घर्षण कमी करते. कंगवा कमी ओढतो, म्हणून पुढची मोडतोड कमी होते. हा फायदा खरा आहे आणि मला तो पुरेसा वाटतो. ज्यांचे केस अगदी पातळ आणि सरळ आहेत त्यांना मात्र या थराने केस बसल्यासारखे, चपटे वाटू शकतात. त्यांनी अधूनमधून हा घटक नसलेला साधा शाम्पू वापरावा. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियमही धनभारित असतं आणि तेही केसाच्या त्याच ऋण जागांवर बसतं. त्यामुळे सुट्टीत गावी गेल्यावर तोच शाम्पू वेगळा वागला तर दोष शाम्पूचा असेलच असं नाही.

सुरक्षिततेचं म्हणाल तर अमेरिकेतल्या ‘कॉस्मेटिक इन्ग्रेडियंट रिव्ह्यू’ या तज्ज्ञगटाने गॅलॅक्टोमॅनन वर्गातले घटक तपासून, सध्याच्या वापरात आणि प्रमाणात ते सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला आहे. धोका आहे तो वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या माणसांना. ग्वारगमची कोरडी धूळ सतत श्वासात गेल्याने गालिच्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना दमा जडल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. आपल्या मोरीत ती धूळ नसते, पण दळणाऱ्या आणि पोती भरणाऱ्या माणसाच्या भोवती असते. तिथे धूळ ओढणारी यंत्रं आणि चांगले मास्क असायलाच हवेत.

गवारीचा भाव शाम्पूवर ठरत नाही. जमिनीखालच्या शेल खडकातून तेल आणि वायू काढताना अतिदाबाने पाणी सोडतात, आणि त्यातली वाळू तरंगती ठेवायला ते पाणी ग्वारगमने दाट करतात. तिथेही साखळ्या बांधायला बोरॅक्सचाच वापर होतो. २०११-१२ मध्ये अमेरिकेत या विहिरींचा सपाटा लागला तेव्हा ग्वारचे दर कित्येक पटींनी चढले. शेवटी वायदेबाजारावर तेव्हा देखरेख करणाऱ्या फॉरवर्ड मार्केट्स कमिशनने मार्च २०१२ मध्ये ग्वारचे वायदे थांबवले. ते पुन्हा सुरू व्हायला मे २०१३ उजाडला. दरम्यान अनेकांनी चढ्या भावाच्या आशेने गवार पेरली आणि पुढे भाव कोसळले. बाटलीतला तो पाव टक्का अशाही शेतांतून येतो.

आता बाटली हातात घ्या. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापतात आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर, कोणत्याही क्रमाने. म्हणून ग्वारचं नाव यादीच्या शेवटाजवळ दिसलं तर ते फक्त नावापुरतं घातलंय असं समजू नका. त्याचं प्रमाण तेवढंच असतं आणि तेवढंच लागतं. नाव लांब आहे एवढ्यावरून घाबरूही नका. आणि पुढे पानाफुलांची चित्रं आहेत एवढ्यावर विसंबून मागची यादी वाचायची सोडू नका.

आणखी एक विनंती. फेस निघून गेला की आपण घाईने दोन तांबे ओतून मोकळे होतो. पण हा घटक कामाला लागतो तोच मुळी पाणी पडू लागल्यावर. फेस ओसरू लागला की केसांत, विशेषतः टोकांकडे, बोटं हळूहळू फिरवत राहा आणि पाणी सावकाश सोडा.